कातडं कुणाची साक्ष देतं

पेंढा भरलेल्या वाघाचं तोंड बहुतेक वेळा उघडं असतं. जुन्या वाड्यांत, राजवाड्यांच्या दिवाणखान्यांत, क्लबांच्या भिंतींवर तो असाच भेटतो. ओठ मागे ओढलेले, सुळे पूर्ण दिसणारे, नाकावर वळ्या, जीभ लाल रंगवलेली. पाहणाऱ्याला वाटावं, पुढच्याच क्षणी झेप पडणार होती आणि शिकाऱ्याच्या गोळीने ती जेमतेम थोपवली. प्रत्यक्षात यातले कितीतरी वाघ मरताना गुरगुरतही नव्हते. कुणी मचाणाखाली बांधलेल्या रेडकाजवळ दबकत आला होता, कुणी हाक्याचा गलका ऐकून उलट दिशेने पळत होता, कुणी पाण्यावर वाकला होता. तो आवेश त्यांच्या चेहऱ्यावर नंतर बसवला गेला, कारखान्यात, गिऱ्हाइकाला हवा तसा.

मारण्याच्या नैतिकतेवर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं आहे आणि ते बोललं जायलाच हवं. मला मात्र हा उघडा जबडा अस्वस्थ करतो. जीव घेतल्यानंतरही त्या प्राण्याकडून काहीतरी घ्यायचं उरलं होतं, ते इथे घेतलेलं दिसतं. जबडा मिटलेला ठेवला तर प्रश्न पडला असता, की याने तुमचं काय वाकडं केलं होतं? उघडा ठेवला की खून द्वंद्वासारखा दिसतो. मेलेल्या वाघाला त्याच्याच मारेकऱ्याच्या बाजूने साक्षीला उभं केलेलं असतं, तेही खोट्या.

मेलेलं जनावर भरून उभं करण्याची ही कला, टॅक्सिडर्मी, आपल्या देशात किती मोठ्या प्रमाणावर चालली, हे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाच्या कारखान्यावरून कळतं. १९००च्या सुमारास यूजीन व्हॅन इंगेन यांनी तो सुरू केला, पुढे त्यांच्या मुलांनी वाढवला आणि १९९९मध्ये तो बंद झाला. या काळात तिथून सुमारे ४३,००० वाघ-बिबट्यांची कातडी, मुंडकी आणि अख्खे पुतळे बाहेर पडले. देशोदेशीच्या शिकाऱ्यांची आणि आपल्या संस्थानिकांची गाठोडी तिथे येत. जंगलातच मीठ चोळून घडी घातलेलं कातडं आधी भिजवायचं, आतून खरवडायचं, कमवायचं. मग कागदाच्या लगद्याचा, साच्यातून काढलेला देह त्यात बसवायचा, स्नायूंचे उंचवटे जुळवायचे, काचेचे डोळे लावायचे. त्या कारागिरांचं शरीररचनेचं ज्ञान थक्क करणारं होतं आणि त्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. पण २०२२च्या गणनेनुसार साऱ्या भारतात मिळून वाघांचा अंदाज ३,६८२ आहे. बिबटे वेगळे काढले तरी एका कारखान्याचा तो आकडा या संख्येशेजारी ठेवला की कारागिरीचं कौतुक घशात अडकतं.

अशा मुंडक्याखाली बऱ्याचदा पितळी पट्टी असते. तिच्यावर साहेबांचं किंवा महाराजांचं नाव, तारीख आणि लांबी, फूट-इंचांत. वाघाबद्दल तिथे एवढंच कळतं, की तो किती लांब होता. नर की मादी, वय काय, मागे बछडी होती का, त्या डोंगरात त्याच्यानंतर दुसरा वाघ आला का, यातलं काही पट्टीवर मावत नाही. ती आठवण वाघाची नव्हतीच.

सगळा दोष साहेबांवर आणि राजेरजवाड्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. प्राण्याचं कातडं म्हणजे त्याचं बळ, आणि ते अंगाखाली किंवा अंगावर आलं की बळही आपल्यात उतरतं, ही समजूत आपली फार जुनी आहे. शंकर व्याघ्रांबरावर बसतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाच्या आसनावर मृगाजिन आहे. मुंजीत बटूच्या जानव्याला मृगाजिनाचा इवलासा तुकडा बांधण्याची चाल अजून कुठेकुठे दिसते. सोन्यात मढवलेलं वाघनख लेकरांच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून बांधलं जायचं आणि घरोघरीच्या जुन्या डब्यांत ती नखं अजून असतील. वनांत राहणाऱ्या ऋषीला आपोआप मेलेल्या हरणाचं अजिन मिळत असेल, तेव्हा त्या आसनामागे अरण्याशी रोजची ओळख होती. शहरातल्या माणसाने दुकानातून ते मागितलं की त्याच्या मागणीपोटी कुठेतरी फास लागतो. हाताजोडीचं उदाहरण यात सर्वांत क्लेशकारक आहे. दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून, भरभराटीसाठी देवघरात ठेवायला जी वस्तू विकली जाते, ती बऱ्याचदा घोरपडीच्या नराचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय असतं. विकत घेणारी माणसं श्रद्धाळू असतात, त्यांना ठाऊकही नसतं. न विचारता ठेवलेल्या वस्तूत किती क्रौर्य मावतं, ते इथे दिसतं.

यावर कुणी म्हणेल, मग पखवाजाचं काय? डफ, संबळ, कोल्हापुरी चप्पल यांचं काय? प्रश्न रास्त आहे. गुरांच्या मरणाचा आणि मारण्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, आणि कातडं कमावणाऱ्या जातींना समाजाने त्या कामासाठी दिलेली वागणूक हा तर आपल्या इतिहासातला मोठा अन्याय आहे. तरीही पखवाजाच्या पुडीवरचं कातडं बकऱ्याचं सोंग घेत नाही. ते वाद्य झालेलं असतं आणि वाद्य म्हणूनच बोलतं. दिवाणखान्यातला वाघ मात्र मेलेला असून जिवंत असल्याचं भासवतो. माझा प्रश्न या भासवण्याशी आहे.

भासवण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत गरीब प्रकार मी लहानपणी आमच्या गावच्या गोठ्यात पाहिला. म्हशीचं रेडकू मेलं होतं आणि ती पान्हा सोडीना. मग त्या रेडकाचं कातडं सोलून, वाळवून त्यात पेंढा भरला आणि धारेच्या वेळी ते तिच्यापुढे ठेवलं. पाय नव्हते, डोळ्यांच्या जागी भोकं होती. म्हैस पुढे झाली, तिने हुंगलं आणि ती चाटू लागली. चाटता चाटता पान्हा उतरला आणि चरवीत धार वाजायला लागली. "आजी, तिला कळत नाही का गं?" असं मी विचारलं. आजी धार काढता काढता म्हणाली, "तिला वास कळतो, बाळा. वासावर पान्हा येतो."

आमच्या घरात ते दूध लागत होतं. आजीला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण टॅक्सिडर्मी म्हटलं की व्हॅन इंगेनच्या डौलदार वाघांआधी मला ते पेंढ्याचं रेडकूच आठवतं, कारण त्या गोठ्यात सगळं उघड होतं. फसवणारी माणसं एका बाजूला होती, फसणारी आई दुसऱ्या बाजूला. कशासाठी चाललं आहे ते चरवीत दिसत होतं.

आपल्या लाडक्या कुत्र्याला, पोपटाला मरणानंतर पेंढा भरून घरात ठेवावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे हा गोठा वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. तिथे पेंढा भरणारे आपण आणि चाटणारेही आपणच. मी हे हिणवून म्हणत नाही. बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९मध्ये वन्यप्राण्यांच्या टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ही कला शिकून ते उभं केलं. प्राणिसंग्रहालयांत मेलेले वाघ-सिंह त्यांच्या हातून पुन्हा आकार घेतात, आणि आपलं पाळीव जनावर घेऊनही लोक त्यांच्याकडे येतात. त्या लोकांच्या दुःखाची खोली मला समजते. आमची कुत्री गेली तेव्हा दारातल्या पायपुसण्यावरचे तिचे केस झटकायला घरात कुणी धजावत नव्हतं. तिला तशीच ठेवता आली असती तर, हा विचार मनात आला.

पण काय ठेवता आलं असतं? ती कधीही स्थिर नव्हती. कुलपात किल्ली फिरल्याबरोबर दाराशी येणारी नखांची टकटक, ताटाकडे पाहताना हळूहळू पुढे सरकणं, पावसात भिजल्यावरचा तो वास, यातलं काहीच कातड्यात राहत नाही. कातड्यात राहतो आपल्याला सोयीचा असा एकच क्षण. त्यात ती म्हातारी होत नाही, आजारी पडत नाही, आपल्याकडे पाठ करत नाही. शोक करणाऱ्या माणसाने असा आधार घेतला तर त्याला अपराधी ठरवायचा मला अधिकार नाही. मात्र ज्याच्यावर प्रेम केलं त्याला जायची मुभा देणं हाही प्रेमाचाच भाग आहे, असं मी मानतो. आम्ही तिला मातीत पुरलं, आणि तिचं न दिसणं सोसायला शिकलो.

मग काहीच ठेवू नये का? सगळी काचेची कपाटं रिकामी करावीत का? या टोकापर्यंत मी जाऊ शकत नाही, आणि मला थांबवतात ते पक्षी.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली ही चिमणी कुठली, ते कळेना. मामाची चिठ्ठी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्याच्यापुढे एकामागून एक खण उघडून पक्ष्यांची भरलेली कातडी दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या खणांतून या देशाचा एक थोर पक्षिशास्त्रज्ञ जन्मला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मरणाच्या त्या खणांनी एका शिकारी पोराला आयुष्यभरासाठी जिवंत पक्ष्यांकडे वळवलं.

संग्रहालयाच्या खणातलं पक्ष्याचं कातडं पाहिलं की दिवाणखान्यातल्या वाघाशी त्याचा फरक लगेच कळतो. पक्षी पाठीवर झोपवलेला असतो, पंख मिटलेले, पाय जुळवलेले. डोळ्यांच्या जागी कापूस दिसतो. जिवंतपणाचं कसलंही नाटक त्यात नाही. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला. वाघाच्या पितळी पट्टीवरही नाव आणि तारीख होती, पण इथे ती माहिती पक्ष्याच्या कामी येते.

ती किती कामी येते, हे आपल्या सातपुड्यातल्या रानपिंगळ्याने दाखवलं आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२मध्ये मिळवलेल्या पक्ष्यावरून पक्षिसंग्राहक ए. ओ. ह्यूम यांनी १८७३मध्ये या घुबडाचं नामकरण केलं. पुढे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४नंतर तो दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली आणि त्यातल्या एकाने सगळ्यांना चकवलं. ब्रिटिश लष्करातल्या कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन याच्या संग्रहातल्या रानपिंगळ्यावर चिठ्ठी होती तापीकाठच्या मांडवीची, १९१४ची. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून अभ्यासक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले.

अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडंच तपासायला घेतलं. क्ष-किरणांखाली आतली जुळणी पाहिली. पक्षी उसवून पुन्हा भरलेला होता, आणि मूळच्या कामाच्या उरलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताच्या निघाल्या. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर माइनर्ट्झहागनने स्वतःची चिठ्ठी बांधली होती. खोटी चिठ्ठी बाजूला पडली आणि खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोचले. तिथे भर उजेडात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी तो पुन्हा सापडला. आज मेळघाटातही तो आहे, तानसाच्या जंगलातही आहे.

या कथेत मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. एकाच पक्ष्याच्या कातड्याने दोन साक्षी दिल्या. माइनर्ट्झहागनच्या हाती ते त्याच्या मोठेपणाचं साधन होतं आणि त्याने पक्ष्याचा पत्ता चुकवला. चिठ्ठ्या खऱ्या होत्या तिथे कातड्यांनी आपल्या वंशजांपर्यंत वाट दाखवली. कातडं ठेवणं योग्य की अयोग्य, हे त्या कातड्याकडून आपण कुणाची गोष्ट सांगवून घेतो यावर ठरतं.

तरी ऋण राहतंच. ह्यूम यांनी १८८५मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात सुमारे ८०,००० नमुने होते आणि त्यातले बहुतेक बंदुकीनेच जमले होते. विज्ञानाच्या नावाने मारलेला पक्षीही मारलेलाच असतो. म्हणून त्या खणांतल्या प्रत्येक जिवाकडून मिळेल तेवढं शिकून घेणं हे आपलं कर्तव्य आहे. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७मध्ये संग्रहातली जुनी अंडी मोजून दाखवलं, की डीडीटीच्या काळात बहिरी ससाण्याच्या अंड्यांची टरफलं पातळ झाली. १८८३मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची क्वागा मेली आणि तो प्राणी पृथ्वीवरून संपला. तिच्या जातभाईच्या जर्मनीतल्या जुन्या कातड्यातून १९८४मध्ये डीएनए मिळाला आणि नामशेष प्राण्याच्या जनुकांचे तुकडे प्रथमच वाचता आले. आधी घेतलेल्या जिवांचं ऋण असं फेडत राहावं लागतं. आज मात्र छायाचित्र, आवाजाची नोंद, एखादं गळलेलं पीस यांतून पुष्कळ कळतं. तेव्हा नमुन्यासाठी नवा जीव घ्यायचा तर त्याचं कारण पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी भक्कम असायला हवं.

कायद्याने आपल्या परीने रेघ आखली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात असलेल्या अशा वस्तूंसाठी मालकीचं प्रमाणपत्र आणलं. २००३मध्ये राहून गेलेल्यांना नोंदीसाठी १८० दिवसांची मुदत मिळाली. आता जंगलात मेलेला वाघ शवविच्छेदनानंतर समितीसमोर पूर्ण जाळला जातो. नख, मिशी, काहीही मागे उरू दिलं जात नाही. अशा देखण्या जनावराचं कातडं आगीत जाताना पाहून हळहळ वाटते, पण ती हळहळ तपासून पाहावी. आपल्याला वाघासाठी वाईट वाटतं की वाया जाणाऱ्या कातड्यासाठी? आसामने २२ सप्टेंबर २०२१ला बोकाखात इथे गेंड्यांची २,४७९ शिंगं जाळली आणि ९४ अभ्यासासाठी, वारसा म्हणून राखून ठेवली. मला हा निवाडा पटतो. हावेला जे खाद्य ठरेल ते जाळावं, ज्ञानाला जे लागेल ते जपावं.

वाघाची आठवण ठेवायला कातडं लागत नाही, हे आपल्याच मातीत फार पूर्वी कुणीतरी ओळखलेलं आहे. पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. गोव्यातही व्याघ्रदेवाची स्थानं आहेत. ही ठाणी घालणाऱ्यांची गुरं वाघ-बिबट्याने नेली होती, कधी माणसंही नेली होती. त्यांच्याजवळ वैराला कारण होतं, तरी त्यांनी त्याला देव केलं आणि वाघबारशीला नैवेद्य दाखवला. मुंबईच्या ज्या जंगलात टॅक्सिडर्मीचं केंद्र आहे, तिथल्या पाड्यांवरही वाघोबा पुजला जातो, आणि रात्री त्याच झाडीतून खरा बिबट्या फिरतो. कोरलेला वाघ जिवंत असल्याचं भासवत नाही. समोरच्या रानात खरा वाघ आहे याची तो आठवण देतो.

ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळातलं कातडं, मुंडकं किंवा वाघनख असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ते काढून टाकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. जनावर कुठल्या रानातलं, साल कुठलं, कुणी आणलं, तेव्हा त्या भागात आणखी काय काय होतं, जे आठवेल ते लिहून काढा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रधारकांना अशी वस्तू स्वेच्छेने सरकारकडे सोपवता येते. तिचा मोबदला मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरं. लिहिलेला कागद तिच्यासोबत द्या. तुमच्या आजोबांचं नाव त्यावर जरूर असू द्या, पण पहिली ओळ त्या प्राण्याची असावी. त्याच्या रानाचं नाव लिहिलं गेलं, तर तिथे आज त्याची जात का उरली नाही हा प्रश्न कुणीतरी विचारील, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणं आपल्यापैकी प्रत्येकावर बंधनकारक आहे.